गठ्ठ्याची दोरी सोडण्याआधी

एखाद्या समीक्षकाचे किंवा संशोधकाचे कागद बहुधा घर विकायला निघालं की मिळतात, आणि येतात पोत्यांतून. ते जपून वाचकांपर्यंत पोचवायचे असतील तर आधी दानपत्र लिहून घ्या. काय दिलं, वाचकांना दाखवायचं का, इंटरनेटवर टाकायचं का, हे तिन्ही त्यात हवं. "न्या हो सगळं" एवढ्यावर गाडी बोलावू नका. पुढे एखादा पुतण्या हक्क सांगत येतोच.

जागेबद्दल नागपूरकरांना एकच सांगणं: कूलरच्या खोलीत कागद नकोत. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेला की कूलर माणसाला लागतो. कागदाला त्या ओल्या हवेने बुरशी धरते. गच्चीवरचं ऊन पापड-कुरडयांसाठी राहू द्या. लोखंडी रॅक घ्या आणि तो भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, वाळवीचा माग दिसतो. धूळ मऊ ब्रशने झाडा, गंजलेल्या टाचण्या काढा. सेलोटेप लावायचा नाही. लॅमिनेशन सुचवणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

आता खरी मेख. गठ्ठे जसे आले तसेच ठेवायचे.

जो तो सांगतो की पत्रं वेगळी करा, हस्तलिखितं वेगळी, कात्रणं वेगळी, मग पत्रं आडनावांनुसार लावा. मीही पहिल्या संग्रहाचं, म्हणजे एका सरांच्या कागदांचं, तेच केलं. तीन रविवार खपलो आणि खोकी बघून स्वतःवरच खूश झालो. दोन वर्षांनी एक विद्यार्थिनी आली. एका लेखाच्या खर्ड्यात सरांनी मधेच मत बदललं होतं, ते कुणामुळे? उत्तर माझ्याच हातून गेलं होतं. सरांनी तो खर्डा, नऊ पोस्टकार्डं आणि ग्रंथालयाची एक चिठ्ठी जुन्या धोतराच्या फडक्यात एकत्र बांधली होती. मी त्यांची तीन खोक्यांत पांगापांग केली. "तुमचा आक्षेप मान्य नाही" असं एका कार्डावर आहे, पण कोणता आक्षेप, हे आता कोण सांगणार?

म्हणून दोरी सोडण्याआधी गठ्ठ्याचा फोटो काढा. गठ्ठ्याला क्रमांक द्या आणि आतल्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने ४/१७ असं लिहा. म्हणजे चौथ्या गठ्ठ्यातला सतरावा कागद. पेन, शिक्का, स्टिकर नको. पुस्तकात सापडलेल्या चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि पान नोंदवा. विषयवार मांडणी हवी असेल तर ती यादीत करा, कागद हलवू नका. हो, पोतं हमालांनी भरलं असेल तर त्यातल्या क्रमाला अर्थ नसतो. पण ते घरच्यांना विचारून ठरवा, अंदाजाने नाही.

आणि पाकिटं फेकू नका. आपल्याकडे पत्रावर "७ मार्च" एवढंच असतं. साल सापडतं ते टपालाच्या शिक्क्यावर. शिक्का पुसट असेल तर इतर खुणा बघा. तिकिटावर "नये पैसे" असेल तर पत्र १९५७ च्या आधीचं नाही. छापील कार्डावर पिनकोडचे चौकोन असतील तर ते १९७२ नंतरचं. पत्त्यात "नागपूर, म. प्र." असेल तर बहुधा १९५० ते १९५६ मधलं, बहुधा म्हणतो, कारण सवयीने जुना पत्ता लिहिणारे पुष्कळ. शके असेल तर ७८ मिळवा, पण माघ-फाल्गुनातल्या पत्राला ७९. असं काढलेलं साल चौकटी कंसात आणि प्रश्नचिन्हासह लिहा, म्हणजे तो तुमचा तर्क आहे हे कळेल.

स्कॅनिंग सोपं आहे. ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार), वाटायची पीडीएफमध्ये, पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू, आणि दोन हार्डडिस्क दोन वेगळ्या घरांत.

वाटण्याची सुरुवात यादीपासून करा. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा मराठी टायपिंगमध्ये हवी, जुन्या फॉन्टमधली शोधता येत नाही. ती बिनधास्त सर्वांना द्या. मजकुराचं तसं नाही. "दान मिळालं म्हणजे आपलंच" हा सल्ला मी दहादा ऐकलाय आणि तो चूक आहे. कागद तुमचा, पण पत्रातल्या मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा. सरांचाही नव्हता, मग घरचे तो देणार कुठून? भारतीय कायद्यात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि हयातीत न छापलेल्या लेखनाची ६० वर्षं तर ते प्रथम प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. तेव्हा वारस शोधणं आलंच. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात एखादी संध्याकाळ काढा; कुणाची मुलगी कुठे असते हे तिथल्या जुन्या सभासदांकडून कळण्याची शक्यता इंटरनेटपेक्षा जास्त. परवानगी लेखी घ्या आणि ते पत्रही त्याच गठ्ठ्याच्या क्रमांकाखाली नोंदवा. परवानगी येईपर्यंत वाचकाला टेबलाशी बसवून मूळ कागद दाखवा. पेन मात्र दारातच काढून घ्या.