नव्या फुटबॉल क्लबच्या सचिवांसाठी: विफा कशी घडली आणि तिच्यापर्यंत कसे पोहोचावे

तालुक्याच्या गावी मुलांचा संघ उभा राहतो, दोन-तीन वर्षे आसपासच्या स्पर्धा गाजवतो, आणि मग एखादे पालक विचारतात की आमच्या मुलाला महाराष्ट्राच्या संघासाठी खेळायचे असेल तर अर्ज कुठे करायचा. नवे सचिव या प्रश्नाचे उत्तर मुंबईत शोधू लागतात आणि राज्य संघटनेच्या कुपरेज येथील पत्त्यावर पत्र धाडतात. ते पत्र चुकीच्या जागी गेलेले असते. महाराष्ट्रातील फुटबॉलचा कारभार पाहणारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच विफा, ही मुख्यत्वे जिल्हा संघटनांची संघटना आहे. त्यामुळे क्लबचा अर्ज, खेळाडूची निवड आणि बहुतेक तक्रारी यांची सुरुवात जिल्ह्यातच होते. ही रचना अशी का झाली हे कळले की पुढची कागदपत्रे करणे पुष्कळ सोपे जाते, म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

मुंबईत संघटित फुटबॉल आले ते लष्करी पलटणींबरोबर. 1891 मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला आणि पहिला चषक वूस्टर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला. 1902 मध्ये हारवूड लीग सुरू झाली. स्पर्धा आणि लीग चालू झाल्या की मैदानाच्या तारखा ठरवायला, पंच नेमायला आणि भांडणे मिटवायला कुणीतरी लागतेच. त्या गरजेतून 1911 मध्ये विफा स्थापन झाली. पिंपे बनवणाऱ्या कारागिरांच्या कारखान्यांवरून ज्या जागेला कुपरेज हे नाव पडले, ते दक्षिण मुंबईतील मैदान विफाचे घर झाले. आपल्याकडील बहुतेक जुन्या क्रीडा संघटनांचा क्रम हाच आहे: आधी स्पर्धा, मग मैदान, आणि शेवटी घटना. म्हणून अशा संघटनेच्या सवयी तिच्या घटनेइतक्याच तिच्या जुन्या स्पर्धांमधूनही समजतात.

रोव्हर्स कपमध्ये भारतीय नागरी संघांना यश मिळायला बराच काळ जावा लागला. 1923 मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरले. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सने चषक जिंकला आणि पलटणींची मक्तेदारी मोडली. पुढे 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो आपल्याकडे ठेवला. मुंबईतील स्पर्धेत देशभरचे संघ येत असल्याने विफाचे लक्ष अनेक दशके मुंबईवर खिळून राहिले, यात नवल नाही.

नकाशा मात्र बदलत गेला. विफा स्थापन झाली तेव्हा नागपूर मध्य प्रांतात होते, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि कोल्हापूर स्वतंत्र संस्थान होते. विदर्भ आणि मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. राज्यांच्या संघांमधील राष्ट्रीय स्पर्धा असलेल्या संतोष ट्रॉफीच्या विजेत्यांच्या यादीत हा बदल स्पष्ट दिसतो: 1954-55 च्या हंगामातील विजेतेपद ‘बॉम्बे’च्या नावावर आहे आणि 1963-64 मधील विजेतेपद ‘महाराष्ट्रा’च्या. संघाचे नाव बदलले, संघटनेचे मात्र ‘वेस्टर्न इंडिया’च राहिले. नवख्या माणसाला त्यामुळे वाटते की गुजरात आणि गोवाही याच संघटनेत असावेत. प्रत्यक्षात दोन्ही राज्यांच्या संघटना वेगळ्या आहेत.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. ज्या भागांत विफा पोहोचण्याआधीच फुटबॉल रुजला होता, तेथे स्थानिक संघटनेचे स्वतःचे नाव, स्वतःचा मान आणि स्वतःची पद्धत आहे. कोल्हापूरचे उदाहरण घ्या. तेथे फुटबॉल पेठांचा आहे आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालीम मंडळांचे आहेत. कुस्तीच्या आखाड्याशी नाते सांगणारी मंडळे शाहू स्टेडियमवर हजारो प्रेक्षकांसमोर लीग खेळतात. हा सारा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, पाहते आणि विफाकडे कोल्हापूरचे प्रतिनिधित्वही तीच करते. तिच्या नावात ‘फुटबॉल’ नाही आणि ‘जिल्हा’ही नाही. म्हणून पहिले काम हे, की आपल्या जिल्ह्याची विफामान्य संघटना नेमकी कोणती याची लेखी खात्री करून घ्यावी. नावात ‘जिल्हा फुटबॉल’ असे शब्द असलेली प्रत्येक संस्था मान्यताप्राप्त असेलच असे नाही, आणि एकाच जिल्ह्यात दोन गट आपापला दावा सांगत असतील तर सध्याच्या संलग्नतेचे पत्र कुणाकडे आहे हे विफाच्या कार्यालयाकडे विचारावे. कुपरेजला पत्र पाठवायचे असेल तर ते या प्रश्नासाठी पाठवावे.

जिल्ह्याच्या वर विफा, विफाच्या वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, त्यावर आशियाई महासंघ आणि सर्वांत वर फिफा, अशी ही उतरंड आहे. अखिल भारतीय महासंघ 1937 मध्ये स्थापन झाला आणि 1948 मध्ये फिफाचा सदस्य झाला. आशियाई महासंघ 1954 चा. म्हणजे विफा तिच्या वरच्या राष्ट्रीय संघटनेपेक्षा 26 वर्षांनी जुनी आहे, आणि कोलकात्याची इंडियन फुटबॉल असोसिएशन तर 1893 ची. आपल्या देशात शिखर नंतर बांधले गेले. राज्य संघटनांना राष्ट्रीय कारभारात जे वजन आहे, त्याचे मूळ इथे आहे.

हे वजन 2022 मध्ये सर्वांना दिसले. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या मे महिन्यात अखिल भारतीय महासंघाचा कारभार प्रशासकीय समितीकडे सोपवला. ऑगस्टमध्ये फिफाने त्रयस्थांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन भारताला निलंबित केले आणि साधारण अकरा दिवसांनी निलंबन उठवले. तेव्हाच्या वादाचा एक मोठा भाग मतदानाचा हक्क कुणाला असावा हा होता: माजी नामवंत खेळाडूंनाही राज्य संघटनांच्या बरोबरीने मत द्यावे, असा प्रस्ताव होता. शेवटी 2 सप्टेंबरची महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक राज्य संघटनांच्या प्रतिनिधींच्या मतांवर झाली आणि कल्याण चौबे यांनी भाईचुंग भुतिया यांचा 33 विरुद्ध 1 असा पराभव केला. भारताच्या सर्वांत प्रसिद्ध फुटबॉलपटूंपैकी एकाला एकच मत मिळावे याचे अनेकांना वाईट वाटले, मलाही वाटले. पण मतदार कोण हे ज्याला माहीत होते, त्याला हा निकाल अनपेक्षित नव्हता. कोणतीही क्रीडा संघटना समजून घ्यायची असेल तर तिच्या घटनेतील सदस्यत्व आणि मताधिकार ही दोन कलमे सर्वांत आधी वाचावीत. ध्येय-उद्दिष्टांची पाने नंतर वाचली तरी चालतात.

त्या दृष्टीने गोव्याशी तुलना उपयोगी पडते. तेथील संघटना पोर्तुगीज अमलातच, डिसेंबर 1959 मध्ये, स्थापन झाली आणि मुक्तीनंतर गोवा फुटबॉल असोसिएशन म्हणून पुढे चालू राहिली. राज्य लहान, क्लब गावोगावी, त्यामुळे तिथल्या निवडणुकीत क्लब स्वतः मत देतात. महाराष्ट्रात क्लबचे मत जिल्ह्यात खर्ची पडते आणि जिल्ह्याचे मत राज्यात मोजले जाते. म्हणून आपल्या क्लबला विफाच्या धोरणाविषयी काही म्हणायचे असेल तर ते जिल्ह्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरावाच्या रूपात मांडणे, आणि तो ठराव इतिवृत्तात शब्दशः आला आहे की नाही हे पाहणे, हाच खरा मार्ग आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. क्लबला कायदेशीर अस्तित्व हवे. महाराष्ट्रातील नेहमीची पद्धत अशी, की किमान 7 जणांनी मिळून संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली संस्था नोंदवावी आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही तिची नोंद करावी. नोंदणी झाली की काम संपले असे समजून पुष्कळ क्लब पुढे अडकतात. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांच्या आत बदल अहवाल, म्हणजे ज्याला कार्यालयात सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, दाखल करावा लागतो. तो वर्षानुवर्षे राहून गेला तर कागदोपत्री जुनेच अध्यक्ष आणि सचिव पदावर राहतात, काही वेळा ते हयातही नसतात. मग बँक खात्यावरील सह्या अडतात, आणि क्लबमध्ये फूट पडली तर खरा सचिव कोण हे सिद्ध करता येत नाही. चांगले खेळणारे क्लब मैदानावर न हरता या एका कागदापायी लीगबाहेर राहतात, हे पाहताना फार त्रास होतो. परिशिष्ट 1 चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा, अद्ययावत उतारा दरवर्षी काढून ठेवावा.

त्यानंतर जिल्हा संघटनेकडे संलग्नतेचा अर्ज करावा. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्रे, घटना व नियमावली, कार्यकारिणीची यादी, संलग्न होण्याचा ठराव आणि सरावाच्या मैदानाची माहिती जोडावी. शुल्क जिल्ह्यागणिक वेगळे असते. ते रोख न देता बँकेतून भरावे आणि पावती घ्यावी. नव्या क्लबला बहुधा सर्वांत खालच्या गटात प्रवेश मिळतो. गावोगावच्या स्पर्धांतील जुनी विजेतेपदे येथे मोजली जात नाहीत आणि त्यावर रुसण्यात अर्थ नाही.

क्लब संलग्न झाला की खेळाडूंची नोंदणी सुरू होते, आणि ती महासंघाच्या केंद्रीय संगणकीय प्रणालीत होते. जन्मदाखला, आधार आणि छायाचित्र यांतील नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे. दाखल्यावर ‘महादेव’ आणि आधारवर ‘म्हादू’ असेल तर आधी दुरुस्ती करून घ्यावी. वयाबाबत पूर्ण प्रामाणिक राहावे. वयोगटाच्या राष्ट्रीय पातळीवर मनगटाच्या हाडांवरून वय तपासले जाते, आणि तेथे अपात्र ठरलेल्या मुलाची उमेद खचते ती प्रौढांच्या चुकीमुळे. एका क्लबकडे नोंदलेला खेळाडू दुसऱ्या क्लबला हवा असेल तर बदली ठरलेल्या काळात आणि प्रणालीतूनच होते. नोंदणीकृत खेळाडूने मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरणे हाही शिस्तभंग ठरू शकतो, म्हणून सुट्टीतील बक्षिसांच्या स्पर्धांना जाण्यापूर्वी खेळाडूंनी सचिवांना विचारावे असा नियमच करावा.

पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ शालेय फुटबॉलबाबत होतो. शालेय स्पर्धा आणि 1960 पासून चालू असलेला सुब्रतो कप यांचा राज्यातील मार्ग शाळा, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि राज्याचे क्रीडा संचालनालय असा जातो. विफा आणि जिल्हा संघटना त्या वाटेवर नाहीत. मूल शाळेकडून विभागीय पातळीपर्यंत खेळले म्हणून ते संघटनेच्या जिल्हा संघात आपोआप जात नाही, आणि जिल्हा संघातील मुलाला शाळेच्या संघात जागा मिळेल असेही नाही. दोन्हीकडे स्वतंत्रपणे नाव द्यावे लागते. राज्य संघासाठी महत्त्वाची असते ती आंतरजिल्हा स्पर्धा, आणि तिच्या आधी होणारी जिल्ह्याची निवड चाचणी. त्या चाचणीची सूचना क्लबकडे येते. ती सरावाच्या ठिकाणी फलकावर त्याच दिवशी लावणे ही सचिवांची जबाबदारी आहे.

क्लबलाही वर जाण्याची वाट आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या आय-लीग 3 या राष्ट्रीय स्पर्धेसाठी क्लबांची शिफारस राज्य संघटना करते, आणि राष्ट्रीय महिला लीगपर्यंत महाराष्ट्रातून एफसी कोल्हापूर सिटीसारखा क्लब पोहोचला आहे. मुलींचा संघ असेल तर त्याची नोंदणी पुरुष संघासोबतच, पहिल्या वर्षीच करावी. नंतर पाहू म्हणणाऱ्या क्लबांत ते बहुधा राहून जाते.

वाद झालाच तर क्रम पाळावा. सामन्यातील तक्रार नियमावलीत दिलेल्या मुदतीत, लेखी आणि शुल्कासह द्यावी. तिचा विचार शिस्तपालन समिती करते आणि त्यावर अपील असते. फुटबॉलचे वाद फुटबॉलच्या यंत्रणेतच सोडवावेत, सामान्य न्यायालयात नेऊ नयेत, असा फिफाच्या नियमांचा आग्रह आहे, आणि सर्वांत वरच्या पातळीवर असे वाद स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादाकडे जातात. जिल्ह्यातील क्लबला तिथवर जाण्याची वेळ येत नाही. त्याची तक्रार बहुतेक वेळा मुदत उलटल्यामुळे फेटाळली जाते. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी चालू वर्षाची नियमावली मागून घ्यावी आणि तक्रारीची मुदत, संलग्नतेच्या नूतनीकरणाची तारीख व बदलीचा काळ या तीन नोंदी क्लबच्या दिनदर्शिकेत लाल शाईने करून ठेवाव्यात.