गोळे रंगवून झाले, आता तोंड उघडा : एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाविषयी

नीटला ७२० पैकी किती पडले, हे तुम्हाला आणखी पंधरा-वीस दिवस लोक विचारतील. त्यानंतर कोणी विचारणार नाही. वर्गात शे-दीडशे पोरं असतात आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेचा, क्लासचा, तालुक्याचा पहिला आलेला असतो. पहिल्या टर्मिनलचे (कॉलेजच्या सत्र परीक्षेचे) मार्क लागले की त्यातले निम्मे आयुष्यात पहिल्यांदा वर्गाच्या खालच्या अर्ध्यात येतात. गणितच तसं आहे. त्याचा धक्का मात्र बसतो.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, बाँडचं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं आणि आता फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीर चालतं कसं त्या विषयात, एमडी करते आहे. त्यामुळे नव्या बॅचची प्रॅक्टिकल्स घेणं माझ्याकडे असतं. पोरं हुशार असतात, त्यात वाद नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनाच जड जाते. दोन-तीन वर्षं चार पर्यायांतला एक निवडून गोळा काळा करायची सवय लागलेली असते. इथं पर्याय कोणी देत नाही. लिहायचं, आकृती काढायची आणि मुख्य म्हणजे परीक्षकासमोर उभं राहून बोलायचं. 'येतंय, पण सांगता येत नाही' याला व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'येत नाही' असंच म्हणतात. पहिल्या वर्षाबद्दल मला जे सांगायचंय ते बरंचसं एवढंच आहे, बाकीचा तपशील.

आधी कागदपत्रांचं उरकून टाकू. ओरिजिनल्स कॉलेजात जमा होतात आणि लवकर परत मिळत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या भरपूर झेरॉक्स आणि फोनवर स्कॅन ठेवा. राखीव जागेवर असाल तर कास्ट व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रिमीलेअर यांच्या तारखा आत्ताच तपासा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या महिन्यातच भरायचा, दिवाळीनंतर बघू म्हणायचं नाही. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजात असाल तर बाँडही लिहून द्यावा लागतो : पास झाल्यावर एक वर्ष सरकार सांगेल तिथं नोकरी. पालक तिथं सही करताना जरा थबकतात. थबकू नका. माझं जे काही डॉक्टरपण आहे ते त्या वर्षात आलं.

कॉलेज कुठलं मिळालं यावरून रडारड चालते, तीही जरा आवरती घ्या. मुंबईचं ग्रँट १८४५ सालचं, जीएस-केईएम १९२६ चं, पुण्याचं बीजे १९४६ चं, नागपूरचं 'मेडिकल' १९४७ चं. तुमचं कदाचित परवाच सुरू झालेलं असेल, जिल्हा रुग्णालयाच्या आवारात, भिंतींना अजून रंगाचा वास असलेलं. नव्या ठिकाणी शिक्षक कमी असतात, म्युझियममधल्या अवयव ठेवलेल्या बरण्या कमी असतात, हे खरं. पण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न सगळ्या कॉलेजांना विद्यापीठाची प्रश्नपत्रिका एकच येते, आणि पहिल्या वर्षात जे शिकायचं ते बहुतेक टेबलावर आणि पुस्तकात असतं. पेशंटच्या गर्दीचा फरक पुढं पडतो. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला लागलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथं सुरुवातच गांधीजींच्या आश्रमातल्या शिबिरानं होते, अंगावर खादी आणि हातात झाडू. तिथले माझे ओळखीचे त्याबद्दल आधी कुरकुर करतात आणि मग जन्मभर अभिमानानं सांगतात.

सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो. पोरं त्याला टाइमपास समजतात. त्यातलं निदान प्रथमोपचार आणि जैववैद्यकीय कचऱ्याचं लेक्चर नीट ऐका. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया-लॅन्सेट पांढऱ्या न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, हातमोजे-नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात. परीक्षेला येतं म्हणून नाही. डब्याऐवजी ट्रेमध्ये टाकलेली सुई सफाईला आलेल्या मावशींच्या हातात घुसते, म्हणून.

मग अ‍ॅनाटॉमी. शरीराची रचना शिकायचा विषय, तोही डिसेक्शन करून, म्हणजे देह कापून बघत. घरी सगळ्यांना प्रश्न एकच असतो, 'प्रेत बघून भीती नाही वाटली?' भीतीपेक्षा आधी डोळे चुरचुरतात. फॉर्मॅलिनचा वास एप्रनला, केसांना, डब्यातल्या पोळीला लागतो आणि आठवडाभरात तुम्हाला तो येईनासा होतो. येतो तो रूमवरच्या दुसऱ्या ब्रँचच्या मैत्रिणीला. एखाददुसऱ्याला पहिल्या दिवशी चक्कर येते. सकाळी काहीतरी खाऊन जा, गरगरलं तर सरळ खाली बसा, कोणी हसत नाही. पहिल्या दिवशी देहापुढं शपथ घेतली जाते. टेबलावरचा देह एकतर कोणीतरी स्वखुशीनं दान केलेला असतो किंवा १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली आलेला बेवारस. दोन्हींत तो माणूसच होता. डिसेक्शन हॉलमध्ये फोन काढायचा नाही, फोटो तर नाहीच, आणि हा नियम मोडणाऱ्याला आमच्याकडे कोणी पाठीशी घालत नाही.

टेबलाभोवती पंधरा-वीस जण असतात. दोघंतिघं हात घालतात, चारपाच वाकून बघतात, बाकीचे मागं गप्पा मारतात. मागचे मागंच राहतात. पुढं या. काखेत ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं (मज्जातंतूंचं) जाळं, सोडवायला बसलात की कळेल, पुस्तकातल्या आकृतीत पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर अशा रंगीत रेघा असतात. इथं सगळं एकाच मळकट पिवळ्या रंगाचं, चरबीत आणि शिरांत गुरफटलेलं. कोणती नर्व्ह आणि कोणती रक्तवाहिनी हे चिमट्यानं ओढून, बोटात धरून कळतं. नर्व्ह भरीव दोरीसारखी लागते. एकदा ती बोटाला कळली की रेडियल नर्व्ह ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मागून कशी वळते हे पाठ करावं लागत नाही. आणि व्हायव्हाला प्रश्न असाच येतो : हाडाच्या मधोमध फ्रॅक्चर झालं, मनगट लोंबकळतंय, का? 'रेडियल नर्व्ह' एवढंच उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न येतो, 'मग कोपर सरळ करता येतोय, तो कसा?' ट्रायसेप्सला, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला, जाणाऱ्या बऱ्याचशा फांद्या त्या जागेच्या वरूनच निघून गेलेल्या असतात, हे टेबलावर पाहिलेल्याच्या तोंडून पटकन येतं. पाहिलं नसेल तो छताकडे बघतो.

यावर माझा उपाय जुनाच आहे. रोज रात्री हॉस्टेलवर एक हाड हातात घ्या आणि रूममेटला सांगा. उजवं की डावं, वरचं टोक कुठलं, कुठला स्नायू कुठं चिकटतो. रूममेटला येत असेल तर तो चुका काढेल, नसेल येत तर प्रश्न विचारेल. दोन्ही कामाचं. स्पॉटिंगच्या, म्हणजे टेबलावर ठेवलेली वस्तू ओळखायच्या, परीक्षेत घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं असतं, तिथं विचार करायला वेळ नसतो.

फिजिऑलॉजी माझा विषय, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. पहिलं प्रॅक्टिकल रक्ताचं, तेही स्वतःच्या. हिमोग्लोबिन मोजायची सालीची पद्धत प्रयोगशाळांतून कधीच हद्दपार झाली, पण आम्ही अजून शिकवतो. बोटाला स्पिरिट लावायचं आणि वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटवर टोचलं की थेंब गोळा होत नाही, पसरतो. पहिला थेंब पुसून टाकायचा. मग पिपेटनं २० घनमिलिमीटरच्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं. मध्ये बुडबुडा आला की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा टोचणं. रक्त पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये सोडून दहा मिनिटं थांबायचं, ते तपकिरी होतं, आणि मग थेंबथेंब डिस्टिल्ड वॉटर घालत शेजारच्या काचेशी रंग जुळवायचा. एकच नळी एकीला ११ ग्रॅम दिसते, दुसरीला १२. घाईत पाणी जास्त पडलं तर परत जाता येत नाही. यंत्रानं दिलेल्या आकड्यामागं काय काय चुकू शकतं, हे इतक्या स्वस्तात दुसरं कुठलं प्रॅक्टिकल शिकवत नाही.

आणि दरवर्षी त्या तासाला मुलींच्या बाकांवर नऊ-साडेनऊचे, म्हणजे कमीच, आकडे निघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता. तो आकडा पुस्तकात वाचणाऱ्या मुलीला स्वतःच्या नळीत दिसतो. मेसचा डबा अर्धा टाकून रात्री मॅगीवर राहणाऱ्यांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, लाजायचं कारण नाही.

बायोकेमिस्ट्रीबद्दल, म्हणजे शरीरातल्या रसायनशास्त्राबद्दल, थोडक्यात : सगळे तिला शेवटच्या महिन्यावर ढकलतात आणि सप्लीमेंटरीच्या (फेरपरीक्षेच्या) यादीत तीच दिसते. रासायनिक क्रियांची चक्रं पाठ करण्यापेक्षा कोणतं एन्झाइम अडलं की कोणता आजार होतो, तिथून उलटं वाचा.

आता मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्लिशमधून आलेल्यांसाठी. पहिले दोन महिने लेक्चर डोक्यावरून जाईल. मास्तर भरभर बोलतात, शेजारची सीबीएसईची मुलगी मान डोलावते, आणि तुम्हाला वाटतं आपलंच काहीतरी कमी आहे. तिलाही फारसं कळलेलं नसतं. मान डोलावायची सवय असते, इतकंच. विषय मराठीत समजून घ्या, खुशाल घ्या, पण सांगण्याचा सराव इंग्रजीत करा. छोटी वाक्यं. व्याकरण चुकलं म्हणून मी आजवर कोणाचे मार्क कापले नाहीत, दुसऱ्या कोणी कापल्याचंही पाहिलं नाही. गप्प बसणाऱ्याला मात्र मार्क द्यायचे तरी कशाचे?

या पोरांचे दिवस येतात ते गावात गेल्यावर. पहिल्या वर्षापासूनच प्रत्येकाला तीन ते पाच कुटुंबं 'दत्तक' दिली जातात. कॉलेजच्या बसनं जायचं, वजन, बीपी घ्यायचं, पाणी कुठून आणता ते विचारायचं. तिथं 'आजी, गोळी चालू आहे का बीपीची?' असं विचारलं की 'हाय की' असं उत्तर येतं आणि फॉर्मवर बरोबरची खूण पडते. 'कधी घेतली शेवटची?' हे विचारणारा वेगळा असतो. तेव्हा कळतं की गोळ्यांची पट्टी संपून तीन आठवडे झालेत आणि चक्कर आली तरच घ्यायची असा आजींचा हिशेब आहे. ओसरीवर मांडी घालून बसता येणं, चहाला नाही न म्हणणं, पहिल्या उत्तरावर न थांबणं हे ज्याला घरातूनच येतं, तो पुढं वॉर्डात हिस्टरी घेताना, म्हणजे पेशंटकडून आजाराची माहिती काढताना, सगळ्यांच्या पुढं असतो. फॉर्म बसमध्ये बसून भरू नका. बरेच भरतात, आणि आम्हाला कळतं.

नियम दोनच लक्षात ठेवा. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि इंटर्नल, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांचे मार्क, कमी पडले तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसताच येत नाही. पहिलं वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत आणि अख्खं एमबीबीएस प्रवेशापासून नऊ वर्षांत संपवावं लागतं. बाकी पासिंगचे बारकावे मधूनमधून बदलतात, ते सीनियरच्या तोंडून नाही, डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवरून घ्या.

सीनियर म्हटलं की रॅगिंग आलंच. महाराष्ट्रात १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, तुमच्याकडून आणि पालकांकडून हमीपत्रं घेतली जातात. 'सर', 'मॅम' म्हणायला लावणं, स्वतःचं जर्नल (प्रॅक्टिकलची वही) लिहून घेणं याला अजूनही कोणी 'ओळख' म्हणतं. जर्नल लिहून घेणं ही ओळख नव्हे. वॉर्डनकडे जायला संकोच वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन आहे. आणि पहिल्या टर्मिनलनंतर झोप उडाली, जेवण जाईना, घरी फोनवर 'मस्त चाललंय' म्हणून ठेवून रडू येत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. दरवर्षी बॅचमध्ये अशी काही पोरं असतात आणि ती सहसा मागच्या बाकावरची नसतात.

खरेदीचं राहिलं. एप्रन दोन घ्या, पूर्ण बाह्यांचे. हाडं सीनियरकडून मिळतात, फुकट किंवा जेवणाच्या पार्टीवर. प्लॅस्टिकचा सेट घेतला तरी चालतं, पण खाचा-उंचवटे नीट उमटलेत का ते बघून घ्या. पुस्तकांचा ढीग प्रवेशाच्या आठवड्यातच उचलू नका, लायब्ररीत प्रत्येकाचा एक धडा वाचून ठरवा. स्टेथोस्कोप पहिल्या वर्षी बीपी मोजण्यापुरता लागतो, तेव्हा काकांनी भेट म्हणून विचारलं तर साधाच सांगा. महागडा दुसऱ्या वर्षी, वॉर्ड पोस्टिंग लागल्यावर घ्या, आणि त्यावर नाव कोरूनच घ्या. कॅज्युअल्टीत 'जरा दे रे' म्हणून गेलेला बिनानावाचा स्टेथो परत आलेला मी तरी पाहिलेला नाही.