पाड्यावरच्या आजारपणाची बातमी कशी लिहावी

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून आदिवासींच्या आरोग्याविषयी येणाऱ्या बातम्यांचे वेळापत्रक वर्षानुवर्षे ठरलेले आहे. पहिला ओढा दुथडी भरून वाहू लागला की गरोदर बाईला झोळीतून नेल्याचे छायाचित्र येते, पावसाळी अधिवेशन सुरू झाले की कुपोषणाची आकडेवारी येते आणि ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीसोबत एखादा लेख येतो. दिवाळीनंतर मात्र या विषयावर अवाक्षर निघत नाही. नेमक्या त्याच महिन्यांत कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पहिल्या पानावर येणाऱ्या मृत्यूची सुरुवात बहुधा तिथेच झालेली असते. जिल्हा पानावर नव्याने काम करू लागलेल्या वार्ताहरांसाठी ही टिपणे लिहीत आहे. ती मुख्यतः माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या चुकांतून तयार झाली आहेत.

त्यांतली एक आधी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाड्यावर दीड वर्षाचे मूल दगावल्याची चार ओळींची बातमी रात्री नऊनंतर हाती आली आणि मी तिला ‘कुपोषणाचा आणखी एक बळी’ असा मथळा दिला. मुलाचे वजन किती होते, ते कशाने आजारी होते, यांपैकी काहीही त्या चार ओळींत नव्हते. पुढे कळले की मूल वयाच्या मानाने ठीक होते. दोन दिवस जुलाब झाले होते आणि पाड्याची विहीर पावसाच्या गढूळ पाण्याने भरली होती. खरी बातमी विहिरीची होती. मथळा कुपोषणाचा असल्यामुळे चौकशी अंगणवाडी सेविकेची झाली आणि विहिरीकडे कोणी पाहिले नाही. चुकीच्या शब्दाने चुकीच्या माणसाच्या दारात चौकशी जाते, हे तेव्हापासून मी विसरलेलो नाही.

आधी कार्ड पाहावे

घरी गेल्यावर वही बाहेर काढण्याआधी आईकडे माता-बाल संरक्षण कार्ड मागावे. बहुतेक घरांत ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुडाच्या भिंतीला खोचलेले असते, कडा ओलाव्याने फुगलेल्या असतात, पण आकडे वाचता येतात. त्यात मुलाच्या वाढीचा तक्ता असतो: खाली वय, बाजूला वजन आणि दर महिन्याच्या वजनाचा एक ठिपका. ठिपके जोडणारी रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात, कधी उतरली, हे पाहावेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठिपके कुठे नाहीत ते पाहावे. मला दाखवल्या गेलेल्या एका कार्डावर ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याचा ठिपका होता, मग थेट जूनचा, आणि त्या दोहोंमध्ये रेघच ओढलेली नव्हती. कुटुंब भिवंडीकडे भट्टीवर होते. या आठ महिन्यांत मूल कोणत्या अंगणवाडीच्या पटावर होते, त्याचे लसीकरण कुठे झाले, भट्टीजवळच्या आरोग्य उपकेंद्राला हे कुटुंब आपल्या हद्दीत राहते आहे याची खबर होती का, हे प्रश्न त्या कोऱ्या जागेतून निघतात आणि कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक सांगून जातात.

कार्डानंतर अंगणवाडीतली नोंद आणि दंडघेराची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ही पट्टी गुंडाळतात; माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली आले तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’, आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यान आले तर मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’ धरतात. उंचीच्या मानाने वजन किती, हा दुसरा निकष आहे. दोन्ही पावलांवर सूज असेल, तर मूल गुबगुबीत दिसत असले तरी ते तीव्र कुपोषितच धरले जाते. छायाचित्रकाराला नेमके असेच मूल ‘चांगले’ वाटते आणि तो पुढे जातो. वयाच्या मानाने वजन कमी असणे आणि वयाच्या मानाने उंची खुंटणे या आणखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारही मापांना सरसकट ‘कुपोषित’ म्हटले की एकाच तालुक्याचे चार निरनिराळे आकडे चार वृत्तपत्रांत छापून येतात आणि कोणालाही खोटे म्हणता येत नाही. आकडा देताना तो कोणत्या मापाचा, कोणत्या महिन्याचा आणि किती मुलांची तपासणी करून मिळालेला आहे, या तीन गोष्टी त्याच वाक्यात याव्यात.

आकड्यांतले खड्डे

ठाणे जिल्ह्याच्या आकड्यांत एक खड्डा असा आहे की त्यात अनुभवी माणसेही पडतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे आदिवासीबहुल तालुके तिकडे गेले. त्यामुळे २०१३ आणि २०१५ या वर्षांतील ‘ठाणे जिल्हा’ हे दोन वेगळे प्रदेश आहेत, आणि त्यांची तुलना करून ‘बालमृत्यूंत मोठी घट’ असे लिहिणे म्हणजे अर्धे घर विकून झाडलोट कमी झाल्याचा आनंद मानणे होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हाच घोळ आहे: २०१५-१६ च्या फेरीने २०११ च्या जनगणनेतील जिल्हे धरले, म्हणून तिथल्या ठाण्यात पालघर आहे, २०१९-२१ च्या फेरीत दोन्ही जिल्हे स्वतंत्र आहेत.

दुसरा खड्डा सरासरीचा. आजच्या ठाणे जिल्ह्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी आणि उल्हासनगर अशा सहा महापालिका आहेत. वाशी आणि घोडबंदर रोडची मुले ज्या सरासरीत मिसळली आहेत, त्या सरासरीतून शहापूरच्या डोंगरातला पाडा दिसणे शक्य नाही. जिल्ह्याचा आकडा मिळाला तरी तालुक्याचा मागावा, तालुक्याचा मिळाला तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा मागावा. मात्र जितके खाली जावे तितके आकडे लहान होतात आणि टक्केवारी फसवी होते. समजा, एका केंद्राच्या हद्दीत वर्षाला ३०० जिवंत जन्म होतात आणि ६ अर्भके दगावतात. दर हजारी २० झाला. पुढच्या वर्षी ९ दगावली की तो ३० होतो. ‘अर्भकमृत्यूंत ५० टक्के वाढ’ हा मथळा गणिताने बरोबर असला तरी वाचकाला सहा आणि नऊ हे मूळ आकडेच सांगावेत, आणि शक्य असेल तर त्या नऊ घरांत जाऊन यावे. अर्भकमृत्यू म्हणजे एक वर्षाच्या आतला, नवजात मृत्यू म्हणजे पहिल्या २८ दिवसांतला, आणि जन्मतःच मृत असलेले बाळ, म्हणजे उपजत मृत्यू, या दोहोंत मोजले जात नाही, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. एखाद्या केंद्रात अर्भकमृत्यू घटले आणि उपजत मृत्यू वाढले, तर नोंद कोणत्या रकान्यात गेली हे विचारण्यासारखे असते.

आकडे तोंडी मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने मागता येतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून जुलैत हवे असलेले आकडे मे महिन्यातच मागितलेले बरे. जिल्हा गाभा समितीच्या बैठकांचे इतिवृत्तही मागावे. कुपोषण आणि बालमृत्यूंचा आढावा तिथे घेतला जातो आणि कोणत्या खात्याने कोणते काम मान्य केले होते, हे त्यात लिहिलेले सापडते.

झोळीच्या पुढचा रस्ता

झोळीचे छायाचित्र खोटे नसते, पण ते बातमीच्या मधल्या टप्प्याचे असते. त्याच्या मागचा आणि पुढचा रस्ता घड्याळ लावून लिहावा: कळा कधी सुरू झाल्या, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला किती वाजता दूरध्वनी केला आणि त्यासाठी मोबाइलची रेंज मिळावी म्हणून कोणत्या टेकडीवर चढावे लागले, गाडी कुठवर येऊ शकली, उपकेंद्रात कोण होते, प्राथमिक आरोग्य केंद्रातून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून ठाण्याला पाठवताना प्रत्येक ठिकाणी किती वेळ गेला. रेफर चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असते; ती पाहावी. घरातून निघण्याचा निर्णय, रुग्णालयापर्यंतचा प्रवास आणि पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार, या तिन्हींत मिळून उशीर होतो. आपल्या बातम्या प्रवासावर थांबतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. एखाद्या प्रसूतीत सर्वाधिक वेळ रुग्णालयाच्या आवारात, रक्ताच्या पिशवीची किंवा भूलतज्ज्ञाची वाट पाहण्यात गेला असेल, तर रस्त्याच्या बातमीने तो झाकला जातो. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे उपकेंद्र आणि २०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. इमारत आहे एवढ्यावर न थांबता मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे विचारावे.

सर्पदंशाच्या बातमीलाही हेच घड्याळ लावावे. मण्यार रात्री झोपेत चावते, दंश अनेकदा दुखतही नाही आणि पहाटे डोळ्यांच्या पापण्या जड होऊ लागतात. अशा वेळी घरचे आधी भगताकडे, म्हणजे मंत्र-झाडपाल्याचे उपचार करणाऱ्याकडे, गेले, यावर ‘अंधश्रद्धेचा बळी’ असा मथळा देणे सोपे असते. भगत दहा मिनिटांवर आहे आणि प्रतिविषाची कुपी दोन तासांवर, हे अंतर बातमीत आल्याशिवाय तो मथळा अन्यायाचा ठरतो. भगताकडे किती वेळ गेला हेही लिहावे, लपवू नये. पण तो वेळ आणि गाडीची वाट पाहण्यातला वेळ एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी असावेत.

पाण्याचेही तसेच. भातसा, तानसा आणि मोडकसागर या धरणांचे पाणी मुंबई-ठाण्याला जाते आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात, हा विरोधाभास आपण दरवर्षी लिहितो. आरोग्याच्या बातमीत मात्र टँकरच्या पाण्यात क्लोरीन आहे का, एवढा साधा प्रश्नसुद्धा क्वचितच येतो.

नावे, चेहरे आणि शब्द

बातमीतील आई १८ वर्षांखालील असेल, तर तिची ओळख उघड होईल असे काहीही छापता येत नाही. अशा गरोदरपणात बहुतेक वेळा पोक्सोचा, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचा, गुन्हा नोंदला जातो, आणि त्या कायद्याचे कलम २३ नाव, छायाचित्र, पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार या सर्वांवर बंदी घालते. नाव वगळून ‘अमुक पाड्यावरील १७ वर्षीय माता’ असे लिहिणे पुरेसे नाही. चाळीस घरांच्या पाड्यावर ती कोण, हे कोणालाही कळते. अशा वेळी फक्त तालुका लिहावा.

उघड्या, बरगड्या दिसणाऱ्या मुलाचे छायाचित्र घेऊ नये. प्रौढाचे घेताना संमती विचारावी, आणि संमती म्हणजे मान हलवणे नव्हे. हे छायाचित्र तुमच्या नातेवाइकांच्या मोबाइलवरही येईल, असे सांगून मग विचारले, तर उत्तर अनेकदा बदलते. सर्वांना नुसते ‘आदिवासी’ म्हणण्याऐवजी कुटुंब वारली, ठाकर, महादेव कोळी की कातकरी, हे विषयाशी संबंध असेल तिथे लिहावे. कातकरी ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे, त्यांच्यासाठीच्या योजना वेगळ्या आहेत, आणि जमिनीचा आधार नसलेल्या या कुटुंबांचे स्थलांतर इतरांपेक्षा लांबते. ‘भोळेभाबडे’, ‘जगापासून तुटलेले’ ही विशेषणे संपादकाने न विचारता कापावीत.

बातमीनंतर

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पुढे आदिवासी भागातील आरोग्य आणि पोषणासाठी नवसंजीवनी योजना आली, त्यानंतर गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली. योजना जाहीर होण्याची बातमी सगळेच देतात. आहाराचे पैसे सेविकेच्या खात्यात किती महिने उशिरा आले, ही बातमी फिरून पाड्यावर जाणाऱ्यालाच मिळते. म्हणून बातमी छापून आली की त्याच दिवशी रोजनिशीत दोन तारखा लिहाव्यात. एक दिवाळीच्या आठवड्यानंतरची, कुटुंब भट्टीवर निघण्याआधी गाठण्यासाठी. दुसरी जूनच्या पहिल्या आठवड्यातली, ते परतल्यावर पुन्हा कार्ड पाहण्यासाठी. जाताना छापलेल्या बातमीचे कात्रण सोबत न्यावे आणि ते घरच्यांना वाचून दाखवावे. कुठे चुकले, ते तेच सांगतात.