कणीक, नाचणी आणि काकवीचे मसालेदार वॉफल: डिसेंबरच्या न्याहारीसाठी

नाताळच्या सकाळी युरोप-अमेरिकेतल्या अनेक घरांत सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ घातलेले वॉफल (खाचांच्या तापलेल्या साच्यात दाबून भाजलेला चौकड्यांचा, जाड डोशासारखा पदार्थ) केले जातात. त्यांची चव जिंजरब्रेड या आल्या-मसाल्याच्या तपकिरी केकवरून घेतलेली असते, आणि बेल्जियम व नेदरलँड्समध्ये 5 आणि 6 डिसेंबरच्या सुमारास सेंट निकोलसच्या सणाला जी स्पेक्युलास नावाची बिस्किटे होतात, त्यांतही जवळजवळ हाच मसाला असतो. आपल्याकडेही थंडीतल्या सणाच्या न्याहारीची कल्पना नवी नाही. साधारण 16 डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतच्या धुंधुरमासात भल्या पहाटे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि भरीत यांचा नैवेद्य दाखवून सूर्योदयाच्या वेळीच जेवण्याची रीत आजही अनेक घरांत पाळली जाते. त्यामुळे नाताळच्या सुटीत घरी जमलेल्या मंडळींसाठी हे वॉफल करायचे ठरवले, तर पीठ, गोडवा आणि मसाला या तिन्ही गोष्टी आपल्याच फडताळात सापडतात.

‘आरोग्यदायी वॉफल’ म्हणून जे केले जाते, ते बहुधा दोन गैरसमजांवर उभे असते. पहिला असा की, साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे काम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वरून घातलेल्या शर्करेचे प्रमाण दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी आणि शक्य तर 5 टक्क्यांहून कमी, म्हणजे सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी सुमारे 25 ग्रॅम, ठेवावे असे सांगितले आहे. गूळ, काकवी आणि मध हे सगळे याच हिशेबात धरावे लागतात. दुसरा गैरसमज असा की, तूप किंवा लोणी पूर्ण काढून टाकले की पदार्थ हलका होतो. प्रत्यक्षात तो वातड होतो, आणि वातड वॉफल घशाखाली उतरावे म्हणून त्यावर दुप्पट पाक ओतला जातो. माझ्या मते खरा फरक पडतो तो पिठामुळे, पिठातला गोडवा कमी ठेवल्यामुळे आणि शेजारी काय वाढले आहे त्यामुळे. मसाल्याचे महत्त्वही इथेच आहे, कारण दालचिनी आणि जायफळाच्या वासाने पदार्थ आहे त्याहून गोड लागतो.

चार माणसांना पुरतील अशा सहा-सात वॉफलसाठी बारीक दळलेली कणीक 150 ग्रॅम, नाचणीचे पीठ 50 ग्रॅम आणि तांदळाची पिठी 20 ग्रॅम घ्यावी. नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा तिचा लौकिक खराच आहे. पण मी ती घालते ती तिच्या रंगासाठी आणि किंचित भाजक्या चवीसाठी, कारण जिंजरब्रेडचा तपकिरी रंग तिच्यामुळे आपोआप येतो. तिच्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला धरून ठेवणारा चिकट घटक, नसल्यामुळे प्रमाण याहून फार वाढवले, तर वॉफल उचलताना तुटतात. तांदळाची पिठी कुरकुरीतपणासाठी आहे, ती वगळू नये. नाचणीऐवजी बाजरीचे पीठ चालते, मात्र ते त्याच आठवड्यात दळलेले असावे; बाजरीत स्निग्धांश बराच असल्याने तिचे पीठ लवकर कडू होते आणि तो कडवटपणा कोणत्याही मसाल्याखाली झाकला जात नाही.

या पिठात दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, अर्ध्याहून किंचित कमी चमचा मीठ आणि मसाला मिसळून सगळे चाळून घ्यावे. मसाल्यात सुंठ दोन छोटे चमचे, दालचिनीची पूड दीड चमचा, आणि जायफळ, लवंग व काळी मिरी यांची पूड प्रत्येकी पाव चमचा असावी. लवंगेचा हात आवरता ठेवावा. ती अर्ध्या चमच्यावर गेली की न्याहारीला दंतमंजनाचा वास येऊ लागतो. जायफळ आयत्या वेळी किसावे. आपल्या बाजारात मिळणारी जाड, खरबरीत सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅशिया असते आणि तिच्यात कुमारिन नावाचे, रोज जास्त पोटात गेल्यास यकृताला बाधू शकणारे द्रव्य सिलोनी दालचिनीच्या तुलनेत बरेच अधिक असते. सणाला एकदा खाण्यात काही बिघडत नाही, पण ज्यांच्या घरी ही पूड रोज चमचाभर चहात पडते, त्यांनी पातळ, पापुद्र्यांची सुरळी असलेली सिलोनी दालचिनी शोधावी.

गोडव्यासाठी तीन मोठे चमचे काकवी पुरे. परदेशी पाककृतींत या ठिकाणी मोलॅसिस लिहिलेले असते, आणि शब्दकोश त्याला मळी म्हणतो. म्हणून कोणी मळीच्या शोधात निघू नये. आपल्याकडे मळी म्हणजे साखर कारखान्यातून बहुतांशी मद्यार्काच्या भट्टीकडे जाणारा पदार्थ. काकवी वेगळी: गुऱ्हाळात उसाचा रस आटत असताना गूळ जमण्याच्या आधी काढून घेतलेला हा दाट रस असतो. ती मोलॅसिसइतकी कडवट नसते, पण तिचा किंचित आंबूस, काळपट गोडवा सुंठीशी उत्तम जुळतो. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांचा हंगाम थंडीतच भरात असतो, त्यामुळे डिसेंबरात ताजी काकवी मिळणे अवघड नाही. न मिळाल्यास 50 ग्रॅम काळपट गूळ दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. गोडवा वाढवण्याचा मोह टाळावा, कारण शर्करा जास्त झाली की वॉफल आतून शिजण्याआधी बाहेरून करपते आणि साच्याला चिकटते.

ओल्या भागासाठी 250 ग्रॅम किंचित आंबट दही 100 मिलिलिटर पाणी घालून घुसळावे, त्यात दोन अंडी आणि काकवी घालून फेटावे, आणि शेवटी 40 ग्रॅम वितळलेले तूप धार धरून घालावे. इथे थंडीतली एक अडचण लक्षात ठेवावी. पहिल्या वर्षी मी फ्रीजमधले दही तसेच वापरले आणि तूप पडताक्षणीच त्याच्या पांढऱ्या कण्या होऊन पिठावर तरंगू लागल्या; त्या दिवशीच्या वॉफलना जागोजागी भोके पडली होती. दही आणि अंडी निदान अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत, किंवा सरळ शेंगदाण्याचे तेल वापरावे. दही आंबट असणेही गरजेचे आहे, कारण सोड्याला फुलण्यासाठी आम्ल लागते. गोड दह्यात सोडा तसाच मागे राहतो आणि साबणासारखी चव देतो.

ओले मिश्रण कोरड्यात ओतून लाकडी उलथन्याने दहा-बारा वेळाच फिरवावे. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. त्या मोडण्यासाठी घोटत बसले की कणकेतले ग्लुटेन ताणले जाते आणि वॉफल पोळीच्या जातीचे होते. पीठ डोशाच्या पिठाहून दाट आणि भज्यांच्या पिठाहून सैल असावे: चमचा उचलला की जाड पट्टीसारखे खाली पडावे आणि तिची खूण पातेल्यात दोन-तीन क्षण दिसत राहावी. आता ते वीस मिनिटे झाकून ठेवावे. ही वीस मिनिटे मैद्याच्या वॉफलला लागत नाहीत, पण कणकेतला कोंडा आणि नाचणी पाणी सावकाश पितात आणि तेवढा वेळ न मिळाल्यास दाताखाली कचकच लागते. चक्कीवर दळलेली कणीक तर पाणी अधिकच ओढते, त्यामुळे वीस मिनिटांनी पीठ घट्ट वाटल्यास दोन-तीन चमचे पाणी घालून हलकेच सारखे करावे. सकाळी घाई असेल तर तिन्ही पिठे आणि घुसळलेले दही रात्रीच एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवावे, सकाळी लवकर बाहेर काढावे, आणि सोडा, बेकिंग पावडर, मीठ, मसाला, अंडी, काकवी व तूप करण्याच्या वेळी मिसळावे.

अंडी न खाणाऱ्यांसाठी दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. ती चिकट झाली की अंड्यांच्या जागी घालावी आणि तांदळाची पिठी एक चमचा वाढवावी. ही वॉफल थोडी दडस होतात, हे कबूल करायला हवे, पण जवसाची चव या मसाल्याला शोभते.

साचा विजेचा असो वा गॅसवर उलटायचा, तो पूर्ण तापल्याशिवाय पीठ घालू नये. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुरचुरत उडाला पाहिजे. ब्रशने किंवा वांग्याच्या देठाने तुपाचा पुसट हात फिरवावा, मधोमध पळीभर पीठ घालावे आणि झाकण लावावे. यानंतरची सगळी कला वाट पाहण्यात आहे. सुरुवातीला कडेने भसाभस वाफ येते, मग ती विरळ होत जाते, आणि ती जवळजवळ थांबली म्हणजे आतले पाणी निघून गेले. त्याआधी झाकण उचलले तर वॉफलचे दोन पापुद्रे होऊन एक वर आणि एक खाली चिकटतो, आणि मग दात कोरल्यासारखी खाच न् खाच काडीने साफ करत बसावे लागते. यंत्रावरचा दिवा बहुधा मैद्याच्या अंदाजाने लागतो. या पिठाला त्यानंतरही मिनिटभर द्यावे, म्हणजे एकूण पाच-सहा मिनिटे धरावीत. झाकण थोडेसे अडल्यासारखे वाटले तर ओढू नये, अर्धा मिनिट थांबावे, ते आपणहून सुटते. पहिले वॉफल पहिल्या डोशासारखेच, म्हणजे घरच्यांसाठी असते.

तयार वॉफल ताटात एकावर एक रचल्यास स्वतःच्याच वाफेने दोन मिनिटांत मऊ पडतात. पापड भाजायची जाळी एका रुंद पातेल्यावर ठेवून त्यावर ती सुटी पसरावीत. ओव्हन असेल तर 100 अंशांवर याच पद्धतीने ठेवलेली वॉफल सगळे पानावर बसेपर्यंत कुरकुरीत राहतात.

वरून काय घालायचे, यावर निम्मा हिशेब अवलंबून आहे. काकवीचा पाक मी टेबलावर ठेवत नाही. त्याऐवजी रात्रभर टांगलेला चक्का किसलेल्या संत्र्याच्या सालीसह फेटून प्रत्येकाला दोन चमचे द्यावा. चक्क्यातल्या प्रथिनांमुळे न्याहारी दुपारपर्यंत टिकते. संत्र्याच्या फोडी बिया आणि पांढरे पापुद्रे काढून, अगदी थोड्या सुंठीसह दोन मिनिटे गरम केल्या की त्यांना पुरेसा रस सुटतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या दिवसांत येऊ लागलेली असते. डाळिंबाचे दाणेही दिसायला सणाचे आणि चवीला आंबटगोड असतात. भाजलेले तीळ आणि जाडसर कुटलेले अक्रोड वरून भुरभुरावेत, पिठात घालू नयेत, कारण तीळ साच्यात करपतात. मधुमेह असलेल्यांनी एका वॉफलवर थांबून चक्का आणि अक्रोड अधिक घ्यावेत. धान्य कोणतेही असले तरी पिठातला स्टार्च राहतोच.

घारग्यांची आठवण येणाऱ्यांनी पिठात वाफवलेल्या लाल भोपळ्याचा 100 ग्रॅम गर घालून तेवढेच पाणी वजा करावे. चव सुरेख येते, रंगही खुलतो. कुरकुरीतपणा मात्र थोडा जातो, आणि मला तो गमवायला आवडत नसल्याने मी हा प्रकार संध्याकाळच्या चहासाठी राखून ठेवते.

उरलेली वॉफल जाळीवर पूर्ण निवू द्यावीत, मध्ये बटर पेपर घालून घट्ट डब्यात भरावीत आणि फ्रीझरमध्ये ठेवावीत. महिनाभर ती चांगली राहतात. गरम करताना मायक्रोवेव्ह वापरू नये, त्यात ती चामट होतात. टोस्टरमध्ये किंवा मंद आचेवरच्या कोरड्या तव्यावर, बर्फ न वितळवता, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे ठेवावीत.