फिल्म थिअरी की फिल्म प्रॉडक्शन? बेळगावकडच्या पोरांनी डिग्री कशी निवडायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं भेटली की विचारतात, दादा सिनेमा शिकायचाय, कुठं ॲडमिशन घेऊ? मी त्यांना आधी विचारतो की सिनेमा बनवायला शिकायचंय की सिनेमाचा अभ्यास करायचाय, आणि इथंच बहुतेक जण गप्प होतात. कॉलेजचं नाव नंतर बघू, आधी हे ठरवा.

सगळ्यात आधी दोन्हीकडं दिवसभर काय चालतं ते समजून घ्या. प्रॉडक्शनमध्ये डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंग, साउंड, आर्ट डायरेक्शन असलं काही तरी एक धरावं लागतं, दिवस सेटवर नाही तर एडिट टेबलवर जातो आणि शेवटी तुमची डिप्लोमा फिल्म, म्हणजे कोर्ससाठी शेवटी केलेली फिल्म, बघून लोक तुम्हाला जोखतात. थिअरीत सिनेमे बघायचे, इतिहास वाचायचा, सेमिनारमध्ये बोलायचं, पेपर लिहायचे आणि शेवटी डेझर्टेशन, म्हणजे एका विषयावरचा मोठा प्रबंध. कॅमेरा हातात येईलच असं नाही, आणि ते माहीत नसल्यानं पहिल्या सेमिस्टरलाच पस्तावलेली पोरं मी बघितलीत.

मग दोन रविवार काढा, हे मी प्रत्येकाला करायला लावतो. पहिल्या रविवारी दोन दोस्त घेऊन मोबाइलवर 3 मिनिटांची फिल्म करा, डायलॉग एकही नको, गणपत गल्लीत सकाळी दुकानं उघडतात तेवढं दाखवलं तरी चालेल. एकट्यानं करू नका, कारण उन्हात उभं राहून दुसऱ्याशी जमवून घेत काम होतं का, हेच तर बघायचंय. दुसऱ्या रविवारी वही घेऊन बसा, आवडत्या सिनेमातला 2 मिनिटांचा एक सीन घ्या, शॉट किती ते मोजा, कट कुठं पडतो, कॅमेरा कुणाच्या बाजूनं बघतो, आवाज कधी थांबतो ते टिपा आणि त्यावर दोन पानं लिहा. मग आठवडाभर काहीच करायचं नाही, कुणी न सांगता यातलं कुठलं काम तुम्ही परत हातात घेताय तेवढं बघा. माझं म्हणाल तर शूटिंगच्या दिवशी कधी घरी जातो असं झालं होतं, आणि वहीत मात्र दोनाची अकरा पानं झाली.

थिअरीला कमी लेखू नका, आपल्या भागातल्या पोरांनी तर अजिबात नको. 1934 साली आलेला पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' शूट झाला कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत! प्रभात कंपनी पण 1929 ला कोल्हापुरातच सुरू झाली, 1933 ला पुण्याला गेली आणि तिच्याच जागेवर 1960 ला फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. हा सगळा इतिहास मराठी-कन्नड दोन्ही कागद वाचून लिहायला पाहिजे आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांना दोन्ही लिप्या वाचता येतात की, बाकीच्यांना त्यासाठी माणूस शोधावा लागतो.

आता कुठं जायचं. प्रॉडक्शनसाठी पुण्याची एफटीआयआय, म्हणजे वर सांगितलेली फिल्म इन्स्टिट्यूट, आणि कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट, पण डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंगसारख्या मोठ्या कोर्सला आधी कुठलीही डिग्री लागते, म्हणजे पीयूसी (बारावी) झाली की लगेच जाता येत नाही. लवकर सुरुवात करायची असेल तर बेंगळुरूजवळ हेसरघट्टला सरकारी इन्स्टिट्यूट आहे, कॅमेरा आणि साउंडचा डिप्लोमा मिळतो. थिअरीसाठी कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ आणि दिल्लीचं जेएनयू, दोन्हीकडं एमए आहे, तिथं लिहिणं-वाचणं इंग्रजीत असतं, म्हणून आतापासून रोज थोडं इंग्रजी लिहायची सवय लावा. अजूनही ठरत नसेल तर एफटीआयआयचा फिल्म ॲप्रिसिएशनचा, म्हणजे सिनेमा कसा बघायचा ते शिकवणारा, छोटा कोर्स करा, नाही तर नोव्हेंबरात चोर्ला घाट उतरून गोव्याच्या इफ्फी फिल्म फेस्टिव्हलला चार दिवस जाऊन या, दिवसाला चार सिनेमे बघून डोकं दुखतंय की अजून बघावंसं वाटतंय ते कळेल.

घरच्यांशी पैशाचं स्पष्ट बोला. प्रॉडक्शनमध्ये फीशिवाय फिल्मचा वरखर्च असतो आणि पास झाल्यावर बरीच वर्षं असिस्टंट म्हणून जातात, महिन्याला ठरलेला पगार नसतो. थिअरीवाल्यांना शिकवणं, आर्काइव्ह, फेस्टिव्हल, सबटायटल, समीक्षा असली कामं असतात, जागा मोजक्याच, आणि कॉलेजात शिकवायचं म्हटलं की नेटची परीक्षा नाही तर पीएचडी आलीच.

कागदपत्रांचं आधीच बघून ठेवा. केंद्राच्या संस्थेत ओबीसी सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही, आणि ते काढायला तहसीलदार ऑफिसला चकरा होतात. महाराष्ट्रातल्या राज्य सरकारच्या काही कोर्सेसना सीमाभागातल्या, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या 865 गावांसाठी वेगळी सवलत असते, तुमचं गाव यादीत आहे का आणि तुमच्या कोर्सला ती लागू आहे का हे फॉर्म भरायच्या आधी ॲडमिशन ऑफिसला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर फी भरू नका.