कुकीजच्या पाटीत 'नाही' म्हणायचं बटण कुठे असतं?

परवा मावशीला एका साइटवरची केकची रेसिपी उघडून देत होते, अर्ध्या स्क्रीनवर कुकीजची पाटी आली आणि मावशी म्हणाली, "अगं ते निळं बटण दाब, मग जातं ते." मीपण कित्येक वर्षं हेच करायचे. पण त्या पाटीत नाही म्हणायची सोय असते, फक्त ती कोपऱ्यात ठेवलेली असते.

आधी कुकी म्हणजे काय ते बघू. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर बिल्ला देतात ना, तसंच. साइटचा सर्व्हर एकदम विसराळू, एक पान दिलं की तुम्ही कोण हे त्याच्या डोक्यातून गेलं, म्हणून तो तुमच्या ब्राउझरकडे एक बारीकसा मजकूर ठेवायला देतो आणि पुढच्या वेळी ब्राउझर तोच दाखवतो. बिल्ल्यावर बहुतेक वेळा तुमचं नाव नसतं, नुसता नंबर, वही स्टँडवाल्याकडे. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने हे काढलं ते ऑनलाइन दुकानातली शॉपिंग कार्ट लक्षात राहावी म्हणून, म्हणजे मूळ काम सरळच होतं, आजही लॉगइन टिकतं ते यामुळेच.

घोळ पुढे आहे. समजा सगळ्या देवळांबाहेर एकाच माणसाचे स्टँड आहेत आणि सगळीकडे तो तुमचा तोच बिल्ला बघतो, सकाळी आळंदी, दुपारी देहू, संध्याकाळी सारसबाग, सगळी नोंद त्याच्या एका वहीत. ही झाली थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटची नाही, तिसऱ्याच कंपनीची. जाहिरातवाल्यांचा बराचसा खेळ यावरच चालतो, म्हणून एकदा मिक्सर बघितला की आठवडाभर बातम्यांच्या साइटवरही मिक्सरच मिक्सर.

आता करायचं काय.

१. पाटी आली की आधी सगळी बटणं वाचा. 'रिजेक्ट ऑल' समोरच असेल तर दाबा, विषय संपला. नसेल तर 'मॅनेज ऑप्शन्स', 'कुकी सेटिंग्ज' असलं काहीतरी फिकट अक्षरात सापडेल. हे फिकट असणं मुद्दामच असतं हो. फ्रान्सच्या सीएनआयएल या सरकारी संस्थेने 'नाही' अवघड करून ठेवल्यावरून गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केला, जानेवारी २०२२ मध्ये तो जाहीर झाला, म्हणणं एवढंच की हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला अनेक, हे चालणार नाही.

२. आत गेल्यावर घाई नको. मी एकदा एकेक करून सगळे स्विच बंद केले आणि शेवटी सवयीने मोठं रंगीत बटण दाबलं, ते 'ॲक्सेप्ट ऑल' होतं, सगळी मेहनत पाण्यात. तर आत 'स्ट्रिक्टली नेसेसरी' असतं ते बंद होत नाही, ते राहू दे, कार्ट आणि लॉगइन त्यावरच चालतं. 'ॲनालिटिक्स' (साइटवर कोण येतं, काय बघतं याची मोजणी) आणि 'मार्केटिंग' बंद करा. मग अजून एक टॅब शोधा, 'लेजिटिमेट इंटरेस्ट', म्हणजे 'आमचं वाजवी काम आहे, वेगळी संमती लागत नाही' असं कंपनीचं म्हणणं. इथे मेख आहे. संमतीचे स्विच बंद दिसतात म्हणून आपण निवांत होतो आणि या टॅबमधले आधीपासूनच चालू असतात. तिथे 'ऑब्जेक्ट ऑल' असेल तर ते दाबा, आणि बाहेर पडताना 'सेव्ह' किंवा 'कन्फर्म माय चॉइसेस', दुसरं काही नाही.

आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला संमती म्हणता येत नाही असं युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला प्लॅनेट४९ नावाच्या जर्मन लॉटरी साइटच्या केसमध्ये सांगून टाकलंय. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातही संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं हवं असं आहे, शिवाय संमती मागताना ती माहिती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचाय, म्हणजे मराठी आणि कोकणीतसुद्धा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले पण संमतीची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, तोवर धीर धरा.

३. ब्राउझरमध्येच बंदोबस्त करा. माझ्या मते हेच खरं काम, कारण पाटी साइटवाल्याची असते आणि ब्राउझर आपला. ॲन्ड्रॉइडवर क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, तिथे थर्ड-पार्टी कुकीज, आणि ब्लॉक. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये २०२० पासून त्या मुळातच बंद आहेत. फायरफॉक्सही ट्रॅकरवाल्या, म्हणजे साइटोसाइटी तुमचा माग काढणाऱ्या कुकीज आपणहून अडवतो. ब्लॉक केल्यावर एखाद्या साइटवर लॉगइन किंवा पेमेंट अडकलं तर तेवढ्या साइटपुरतं परत चालू करता येतं.

४. जुन्या कुकीज साफ करा, पण सगळ्या नको. सरसकट पुसल्या तर सगळीकडून लॉगआउट व्हाल, मग पासवर्ड आठवत बसा. आणि गंमत बघा, तुम्ही 'नाही' म्हणालात हे लक्षात ठेवायलापण साइट बहुतेक वेळा कुकीच वापरते, ती पुसली की पाटी परत हजर. म्हणून नको त्या साइटच्याच पुसा.

५. कॉम्प्युटर असेल तर खात्री करून बघा. क्रोमच्या इनकॉग्निटो विंडोत साइट उघडा, पाटीला हात लावू नका, कीबोर्डवरचं एफ १२ दाबा, 'ॲप्लिकेशन' टॅब, त्यात 'कुकीज'. अंडरस्कोर जीए (_ga) नावाची कुकी तिथे दिसली तर तुम्ही हो म्हणायच्या आधीच गुगल ॲनालिटिक्स सुरू झालेलं आहे, म्हणजे पाटी नुसती शोभेची. मी एका साइटवर हे करून बघितलं तर पाटी नीट उघडायच्या आत यादीत सात नावं हजर.

तुमची स्वतःची साइट असेल, मसाल्याचं दुकान का असेना, तर हीच टेस्ट तिच्यावर आधी करा. पाटी लावणारं प्लगइन टाकलं म्हणजे काम झालं असं नाही, ॲनालिटिक्सचा कोड होकार मिळेपर्यंत थांबतोय का ते बघायला लागतं, आणि खाली फूटरमध्ये 'कुकी सेटिंग्ज'ची लिंक ठेवा म्हणजे माणसाला नंतर मत बदलता येईल.

मावशीच्या फोनवर तिसरी पायरी करून दिली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "अगं आता 'अलाउ' विचारतंय, दाबू का?" ते नोटिफिकेशनचं, कुकीशी त्याचा काही संबंध नाही, तिथे सरळ 'ब्लॉक'.