डिंकाचे लाडू संपले, गुडघे तसेच? मग या चुका तपासा

थंडी पडली की घरोघरी खारीक कुटली जाते, डिंक तळला जातो, खोबरं किसलं जातं. मार्चपर्यंत डबा रिकामा होतो आणि जिना चढताना हात कठड्याकडे जातोच. मग 'आयुर्वेदाचा गुण सावकाश येतो' अशी समजूत काढायची आणि पुढच्या वर्षी दुप्पट लाडू वळायचे. दोष बहुतेक वेळा लाडवाचा नसतो. दुखणं एका जातीचं आणि उपाय दुसऱ्याच जातीचा, किंवा उपाय योग्य पण त्यातला कामाचा भाग आपणच चाळून टाकलेला, असं काहीतरी झालेलं असतं.

सगळ्याच दुखण्याला 'संधिवात' म्हणणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. माझ्या आत्याला सकाळी उठल्यावर वेणी घालता येईना. दोन्ही हातांची बोटं ताठ, सुजलेली, हाताला गरम लागणारी. घरात उपाय ठरलेला होता, तेल कोमट करायचं आणि खसाखसा चोळायचं. दोन आठवडे चोळलं, सूज वाढली. शेवटी वैद्यांकडे नेलं तर त्यांनी पहिल्यांदा तेलाची वाटीच उचलून ठेवायला सांगितली.

आयुर्वेदाने ही दुखणी कधीच एका पोत्यात घातली नव्हती. वयाबरोबर सांधा झिजतो, चाललं की दुखतो, बसलं की बरं वाटतं, उठताना कटकट वाजतो तो संधिगत वात. तिथे तिळाचं तेल, शेक, तूप हे सगळं शोभतं. आमवात निराळा, माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या ग्रंथात त्याला स्वतंत्र अध्याय आहे. अन्न नीट पचत नाही, 'आम' साठतो, अंग जड होतं, भूक मरते, सांधे सुजतात. तिथे आधी हलकं जेवण, सुंठ आणि वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक, तेल चोळणं नाही. गंमत अशी की आमवाताच्या अपथ्यात दही, मासे आणि उडदाच्या पिठाच्या पदार्थांबरोबर गूळही येतो. म्हणजे प्रेमाने दिलेला गुळाचा लाडू त्या रोग्याला शास्त्रानेच नाकारलेला! तिसरं वातरक्त. रात्री अचानक पायाच्या अंगठ्याला आग लागल्यासारखं दुखतं, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. यातलं बरंचसं आजच्या भाषेत गाऊट, आणि तिथे युरिक ॲसिड तपासायचं असतं.

घरच्या घरी एक खूण बघता येते. सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो ते मोजा. झिजेच्या दुखण्यात तो साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. त्याहून जास्त टिकत असेल आणि हातांचे लहान सांधे दोन्हीकडे सुजत असतील, तर लाडू-तेल बाजूला ठेवून संधिवाततज्ज्ञाला दाखवा, कारण अशा सुजेच्या संधिवातात उशिराने वाकडी झालेली बोटं पुन्हा सरळ होत नाहीत. एकच सांधा अचानक लाल होऊन सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

डिंकाकडून भलत्याच अपेक्षा

डिंक चिकट म्हणून तो सांधे जोडतो, ही कल्पना गोड आहे, पण डिंक म्हणजे मुख्यतः तंतू. लाडवातलं कॅल्शियम खसखस आणि तीळ पुरवतात, आणि महाग म्हणून खसखसच आपण चिमूटभर घालतो. तूप, गूळ, खोबरं धरून मध्यम लाडवात सहज दोनशे कॅलरी जातात. बाळंतिणीला किंवा शेतात राबणाऱ्याला ते हवंच. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने रोज दोन खाल्ले तर वजन चढतं, आणि वजन थेट गुडघ्यावर येतं. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल लोकांच्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असं दिसलं आहे. हे उलट्या दिशेनेही वाचावं.

पांढरेशुभ्र तीळ, वस्त्रगाळ नाचणी

बिनपॉलिशच्या तिळात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या आगेमागे कॅल्शियम असतं. पण ते बहुतेक टरफलात. संक्रांतीला आपण मुद्दाम आणतो ते पांढरेशुभ्र, सोललेले तीळ. त्यांत एक दशांशाच्या आसपासच उरतं, कधी त्याहून कमी. टरफलात ऑक्सलेट असल्यामुळे सगळं अंगी लागत नाही, हे खरं. तरी मळकट गावरान तीळच घ्या आणि भाजून कुटा. अख्खे तीळ बरेचदा न चावता गिळले जातात आणि तसेच बाहेर पडतात. कारळ्याच्या चटणीत दोन मुठी तीळ कुटून घातले तर रोजच्या जेवणात आपोआप जातात, वेगळा लाडू लागत नाही.

नाचणीचं तसंच. पिठात १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम. पण सत्त्व करताना भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेला पांढरा साका तेवढा वाळवला, तर आपण मुख्यतः पिष्ट ठेवलं आणि चोथ्याबरोबर कॅल्शियम टाकलं. मोड आणा, वाळवा, दळा आणि कोंड्यासकट वापरा. मोड आल्याने फायटेट, म्हणजे कॅल्शियम अडवणारा धान्यातला घटक, कमी होतं, म्हणजे मिळालेलं अंगी लागायला मदत होते.

आणखी एक हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. दोन चमचे नाचणी आंबिलीत घालून 'आमच्याकडे नाचणी रोज असते' म्हणण्याने ते भरत नाही. नाचणीच्या दोन भाकऱ्या, पाव लिटर दूध आणि मोठी वाटी दही घेतलं तर आठशेच्या वर जातं. उरलेलं डाळी, पालेभाज्यांतून येतं. पालक मात्र या हिशेबात धरू नका. त्यातलं कॅल्शियम ऑक्सलेट अडवून ठेवतं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा.

चिमूटभर चुना

'गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात कालवून घ्या' हा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर दरवर्षी उगवतो. तेवढ्या चुन्यात कॅल्शियम असून असून असणार किती? फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम. तेवढं चार चमचे दुधात असतं, आणि ज्या दह्यात तो कालवायचा त्या वाटीभर दह्यात कितीतरी जास्त. चुना दाहक आहे. हात जरा सैल पडला की तोंड आणि अन्ननलिका पोळते. मूतखड्याचा इतिहास असलेल्यांनी तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

कोवळं ऊन

अंघोळीनंतर सकाळी सातच्या उन्हात बसणं सुखाचं असतं, पण ड जीवनसत्त्वासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. त्वचेत ते तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. हात-पाय उघडे ठेवून साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान थोडा वेळ, कातडी पोळायच्या आधी आत. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही. तपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर ६० हजार युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक अशी देतात. ती रोज घेणारे लोक असतात, आणि मग रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, गळाठा असं नवंच दुखणं सुरू होतं.

हाडजोडी आणि गुडघ्याची विश्रांती

हाड जुळावं म्हणून वापरतात त्या हाडजोडीचं, म्हणजे कांडवेलीचं, कांड कच्चं चावू नका, घशाला भयंकर खाज सुटते. आणि पडल्यावर आधी एक्स-रे, मग लेप. वाकडं बसलेलं हाड लेपाने सरळ होत नाही, वाकडंच जुळून येतं.

दुखतं म्हणून चालणं बंद करणं हीदेखील चूकच. हाडाला भार मिळाला नाही तर ते आणखी विरळ होतं. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. एवढ्याने मांडीचा स्नायू बळकट होऊन गुडघ्याचं ओझं वाटून घेतो. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर मात्र पश्चिमोत्तानासनासारखी पुढे खोल वाकायची आसनं टाळा, पाठीचा मणका दबू शकतो.

बिननावाची पुडी

'तीन दिवसांत गुडघा मोकळा' करणाऱ्या सुट्या चूर्णांपासून सावध. गुग्गुळ, रास्ना, निर्गुंडी ही औषधं इतक्या घाईने काम करत नाहीत. जादू झाली तर त्यात स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळी कुटलेली असण्याची शंका घ्या, आणि स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलं तर हाडंच पोखरतं. चेहरा गोल होणं, साखर किंवा रक्तदाब अचानक चढणं, कातडीवर सहज काळेनिळे डाग उठणं ही त्याची लक्षणं. पण अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर घाबरून एका दिवसात तोडू नका. स्टेरॉइड एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घ्या, डॉक्टरांना दाखवा, तेच मात्रा उतरवत आणतील.